दातांच्या बाईंची गाडी

३ फेब्रुवारी

गाडी बघितली. करडी, चार दारांची. मागच्या काचेवरची पट्टी उन्हाने पिवळी पडलीये, बाकी बाहेरून नीटनेटकी. दातांच्या बाईंची आहे. बाई दवाखाना बंद करताहेत – एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला, आता दुसऱ्यात उतरलाय – आणि त्याबरोबर गाडी चालवणंही. "दात दिसतो गं, रस्ता दिसत नाही. मग म्हटलं दोन्ही सोडावं."

ही गाडी ताईने शोधली. दाढ दाखवायला गेली होती. बाईंची सवय अशी की समोरच्याच्या तोंडात आरसा घातल्याशिवाय त्यांना बोलायला सुचत नाही. ताईचं तोंड उघडं असताना त्यांनी गाडीचं सांगितलं, आणि चूळ भरल्याबरोबर ताई म्हणाली, "माझ्या बहिणीला हवीये!" घरी येऊन मला सांगताना तिचा अर्धा गाल बधिर होता. शब्द एका बाजूने सांडत होते. तरी केवढी खूश!

मला गाडी का हवीये ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशी गोंधळ नको. आमची कंपनी पंप बनवते. मी ते पंप चालताना किती थरथरतात ते मोजते. धरणावरच्या उपसा केंद्रात आमचे मोठे पंप बसलेत आणि तिथे देखरेखीला कायमचा माणूस हवाय. साहेबांनी मला विचारलं. पूर्ण जबाबदारी, हाताखाली दोन माणसं. पण शेवटची बस फाट्यापर्यंतच जाते, पुढचा रस्ता सुनसान, आणि पंप वेळकाळ बघून बिघडत नाहीत. "स्वतःचं वाहन असेल तरच," साहेब म्हणाले. महिनाअखेर सांगायचं. मी नाही म्हटलं तर चष्मा जाईल. चष्मा शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला सगळं ऑफिस चष्माच म्हणतं, तोसुद्धा फोनवर स्वतःला तेच म्हणवतो.

बाईंनी किल्ली दिली. चालवायला नव्हे, नुसतं बसून बघायला. मी बसले, दार ओढलं. धप्. रबर चांगलं आहे, बाहेरचा आवाज तुटला. आमच्या घरात बाबा अर्धांगाने पडल्यापासून कुठलंच दार लावत नाहीत. त्यांनी हाक मारली तर ऐकू यायला हवी. न्हाणीघराचंही नुसतं लोटून घेतो. मी गाडीत गरजेपेक्षा जास्त वेळ बसले. बाईंना वाटलं मी काहीतरी तपासतेय.

"कागद सगळे आहेत," उतरल्यावर म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासूनची फाइल आहे. कधी तेल बदललं, कधी काय. पुढच्या खेपेला ये, काढून ठेवते."

हेच ऐकायचं होतं.

५ फेब्रुवारी

ताईला आज सांगितलं – रोज जाऊन-येऊन जमायचं नाही, तिथे क्वार्टर मिळतं, मी तिथे राहीन. रविवारी येईन. गाडी असली की रविवारी येणं अवघड नाही.

ती भांडी घासत होती. तिला वाटलं होतं गाडी म्हणजे सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मीही आधी स्पष्ट बोलले नव्हते.

"बरं," म्हणाली. नळ नुसताच वाहत राहिला.

८ फेब्रुवारी

कागद नाहीत!

कामावरून सरळ दवाखान्यात गेले. पेशंट नव्हतं कुणी. बाई माझ्याकडे न बघता कापसाच्या बरणीचं झाकण लावत होत्या. लागलेलं झाकण परत लावत होत्या. "अगं, ती सर्व्हिसची फाइल... सापडत नाही बघ. आवराआवरीत गेली असेल कुठेतरी."

मी म्हटलं, "सगळीच?"

"सगळीच."

"सर्व्हिसची पुस्तिका? ती तर गाडीत असते."

"तीही फाइलमध्येच होती ना."

त्यांच्या मागे भिंतभर लोखंडी खण. प्रत्येक खणावर अक्षरं. मी शाळेत असताना माझी एक दाढ काढली होती, त्याचं कार्ड त्यांनी मागच्या वर्षी एका झटक्यात काढून दाखवलं होतं – एक्स-रेसकट! जी बाई परक्या माणसाचा किडका दात जपून ठेवते, तिच्या स्वतःच्या गाडीचे कागद हरवतात. आणि तेही मी गाडी बघायला आल्यानंतर.

बाईंना खोटं बोलता येत नाही. कान लाल झाले होते.

घरी ताईला सांगितलं. ती बाबांची नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तर त्या सरळ वाटल्या होत्या गं. पण आता कागदच नाहीत म्हणजे..." आणि पुढचं सोडून दिलं. अर्धं वाक्य सोडून देण्यात ताईचा हात कुणी धरणार नाही.

९ फेब्रुवारी

दादाचा फोन. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि फोनवरून आमची काळजी घेतो.

"जुनी गाडी? वेडी का काय! दुसऱ्याची डोकेदुखी विकत घ्यायची."

"नवीन तू घेऊन देतोस?"

"तसं नाही म्हणत मी. आणि तू गेल्यावर बाबांचं काय? ताई एकटी कसं करणार?"

"तू ये."

"अगं, इथे माझं..." मग त्याच्या इथलं सगळं ऐकलं. बऱ्याच गोष्टी आहेत त्याच्या इथे. शेवटी म्हणाला, कुणीतरी बाई ठेवा कामाला. जसं काही आम्हाला सुचलंच नव्हतं. दोघी येऊन गेल्या. एकीचे हात गार, म्हणे. दुसरी चांगली होती, मला आवडली, बाबांनाही चालली असती. तिला ताईने दुसऱ्याच दिवशी नको म्हणून सांगितलं. का, तर ती "फार बोलते". ताईने बाबांसाठी ग्रंथालयातली नोकरी सोडली. मी माझी सोडली नाही. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला दोन माणसं लागतात. एक खांद्याकडून, एक पायांकडून. माझं सगळं आयुष्य सध्या या एका वाक्यात बसतं.

११ फेब्रुवारी

बाईंकडून गाडी मागून घेतली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सोबत घेतलं आणि कंपनीतून कंपन मोजायचं यंत्रही. साहेबांना सांगूनच आणलं. ते म्हणाले, "गाडीला पंप समजू नकोस म्हणजे झालं."

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, वाकला, वास घेतला, सरळ झाला. "गाडी चांगली आहे."

"कशावरून?"

"आता चांगली आहे ती कशावरून सांगू? वाईट असती तर सांगितलं असतं, याच्यावरून, त्याच्यावरून."

"सर्व्हिसचे कागद नाहीत."

"कागद पळतात का मॅडम? गाडी पळते." मग मी इंजिनाजवळ लोहचुंबकाचा सेन्सर चिकटवला, तर मेकॅनिक रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "अरे ईसीजी काढताहेत गाडीचा!" चार माणसं जमली. एक आजोबा म्हणाले, आमचाही काढा.

इंजिन स्वच्छ. अगदी एकसारखं. पेडलची रबरं किलोमीटरच्या आकड्याला साजेशी झिजलीयेत, जास्त नाहीत, कमीही नाहीत. काचांवरचे छाप एकाच वर्षाचे, म्हणजे काच बदललेली नाही. दारांच्या बिजागरीचे स्क्रू कुणी हलवलेले नाहीत, रंग अखंड आहे. गालिचा उचलून बघितला. गंज नाही, चिखल नाही.

पण मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगाला डावीकडच्या पुढच्या चाकापाशी कंपनाच्या आलेखात एक बारीक उंचवटा येतो. अगदी लहान. वेग वाढवला की जातो, परत त्या वेगाला आणलं की परत दिसतो. टायर असेल. बेअरिंग असेल. कधीतरी दगडावर आपटलं असेल. किंवा गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापासून असेल आणि कशाचीच खूण नसेल.

आमच्या कामात एका रीडिंगला अर्थ नसतो. पंप आज किती थरथरतो हे कुणी विचारत नाही. मागच्या वेळेपेक्षा जास्त थरथरतो का, एवढंच विचारतात. मागचं माहीत नसेल तर माझं यंत्र म्हणजे महागडा ठोकळा.

मेकॅनिक म्हणाला, "एवढंसं तर मलाही होतं, गुडघ्यात."

१२ फेब्रुवारी

तो उंचवटा डोक्यातून जात नाही.

१४ फेब्रुवारी

डोकं चालवलं. गाडी ती बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जात होती, म्हणजे नोंद त्यांच्याकडे असणारच! दुपारची सुट्टी टाकून गेले. काउंटरवरची मुलगी कानाला हेडफोन लावून एकाच वेळी माझ्याशी आणि आणखी कुणाशी बोलत होती.

"नंबर सांगा. हो सर, होल्ड करा. आहे मॅडम, सगळी हिस्टरी आहे इथे."

"दाखवाल?"

"गाडी तुमच्या नावावर आहे?"

"घ्यायचा विचार आहे."

"मग नाही दाखवता येत. मालकांनाच देतो आम्ही. नाही सर, तुम्हाला नाही म्हटलं. मॅडम, मालकांना फक्त एक फोन करायला सांगा. लगेच पाठवते."

तिच्या कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे पाठ करून उभा होता. हातभर अंतरावर सगळं लिहिलेलं. मी काउंटरच्या या बाजूला.

तिथूनच बाईंना फोन लावला. "हो हो, करते ना फोन," म्हणाल्या. आवाज कोरडा. संध्याकाळी सर्व्हिस सेंटरला विचारलं – फोन आला नव्हता. दुसऱ्यांदा बाईंना केला तर त्यांनी उचललाच नाही.

म्हणजे हरवले नाहीत. दाखवायचे नाहीत.

काय झालं असेल? कुणाला धडक? पाण्यात बुडाली असती तर गालिच्याखाली दिसलं असतं. इंजिन उघडलं असेल? तसं काही दिसत नाही. पण जे मला दिसत नाही ते नाहीच, असं म्हणायची मला सवय नाही. ताई म्हणाली, "जाऊ दे ना. तुझ्या मनाला खटकतंय तर नको घेऊस. तू कधी चुकत नाहीस." ती माझ्याबद्दल इतकं चांगलं सहसा बोलत नाही. बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

गाडीचं काहीही होवो, बाबांना एका माणसाने उचलता आलं पाहिजे. म्हणून गेले काही दिवस कंपनीत जेवणाच्या सुट्टीत एक चौकट जोडत होते – भंगारातले पाइप, दोन कप्प्या, साखळी आणि जाड कॅनव्हासची झोळी. पलंगावरून उभी करायची, झोळी बाबांच्या खाली सरकवायची, साखळी ओढायची. बाबांच्या वजनापेक्षा जास्त वाळूची पोती टांगून बघितली. मग मी स्वतः बसले. चष्म्याने ओढलं. "तुला असंच टांगून ठेवतो आणि मी जातो धरणावर," म्हणाला. हसला. थट्टाच होती. बहुतेक.

आज घरी बसवलं. ताई दारात हाताची घडी घालून.

"हे काय आहे?"

"यानं एकटीला उचलता येईल."

"बाबा काय पोतं आहेत?"

बाबांना विचारलं, चालेल का. त्यांनी डावा हात हलवला. तो हो असतो किंवा माशी असते. झोळी सरकवली, कड्या अडकवल्या, साखळी ओढली. आले वर! हलके, अगदी सहज. पलंगापासून हातभर वर, पाय लोंबकळताहेत, आणि मी थोडं फिरवलं तेव्हा ते खिडकीकडे वळले. खालचा रस्ता त्यांनी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. आणि बाबा हसले. अर्ध्या तोंडाने, पण आवाजासकट. पाळण्यातल्या मुलासारखे. मला म्हणाले, "अजून!" गेल्या वर्षभरातला त्यांचा सगळ्यात स्वच्छ शब्द.

मी अजून फिरवलं. मलाही हसू आलं. कडीचा कुरकुर आवाज, बाबांचं हसणं, आणि मागे ताई. तिच्याकडे वळून बघितलं तर तिचा चेहरा पांढरा. आली, साखळी माझ्या हातातून घेतली आणि बाबांना खाली घेतलं. सावकाश, आपटू न देता, अगदी बरोबर. कसं वापरायचं ते तिला एकदा बघून कळलं होतं.

"झालं तुझं?" म्हणाली. "लावून दिलंस यंत्र? आता जायला मोकळी."

"ताई, तसं नाहीये."

"मग कसं आहे ते सांग."

तसंच आहे.

१९ फेब्रुवारी

झोळी दिसत नाही. "धुवायला टाकलीये," ताई म्हणाली. धुवायच्या कपड्यांत नाही. दोरीवर नाही.

सकाळी बाबांना दोघींनी उचललं.

२१ फेब्रुवारी

चष्मा आज टेबलाशी येऊन उभा राहिला. "तुझं काय ठरतंय? म्हणजे माझ्या बायकोला सांगायला बरं. तिला तिथली शाळा बघायचीये."

"महिनाअखेर सांगते म्हटलंय साहेबांना."

"गाडीवर अडलंय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात. तू गाडीचा ईसीजी काढलास तेही म्हणतात." मग जरा हळू, "अगं, मी कुठे कागद बघून गाडी घेतली? आवडली, घेतली. दोनदा बंद पडली, ढकलली."

माणसं असं जगतात. मला हेवा वाटला. रागही आला.

घरी आले तर ताईने दारापाशीच सांगितलं, बाबांनी दिवसभर मला हाका मारल्या. "तुझंच नाव घेतात. मी समोर उभी असते तरी." असं म्हणून माझ्या हातात भरवायची वाटी दिली. बॅग अजून खांद्यावर होती. बाबांनी दोन घास घेतले, तिसरा थुंकला. माझ्या बाहीवर. मग माझं मनगट धरलं, डाव्या हाताने. त्यांच्या त्या हातात अजून जोर आहे. वाटी संपली तरी सोडलं नाही. मी वाकलेलीच. पाठीतून कळ गेली. दार उघडं, समोर ताई कपड्यांच्या घड्या घालत बसलेली, मधूनमधून आमच्याकडे बघत. प्रेमाने. मला ओरडावंसं वाटलं.

ओरडले नाही. बोटं एकेक करून सोडवली.

२३ फेब्रुवारी

गाडी नको.

असं लिहून बघितलं. परत वाचलं. कारणं पक्की आहेत. कागद आहेत पण मालकीण दाखवत नाही. सर्व्हिस सेंटरला फोन करते म्हणाली, केला नाही. विचारलं की नजर चुकवते. आणि तो उंचवटा. एखाद्या पंपाबद्दल कुणी माझ्याशी असं वागलं असतं तर मी तो चालू करायला सही केली नसती. त्या सुनसान रस्त्यावर आडवेळी गाडी दगा देणार असेल तर गाडी नसलेली बरी.

दुसरी शोधायला आता वेळ नाही. गाडी नाही म्हणजे धरण नाही. हे एकाखाली एक लिहिलं की किती सरळ दिसतं.

बाईंना फोन केला. आज उचलला.

"बाई, गाडी नको मला. कागदांशिवाय नाही घेता येणार."

पलीकडे एक लोखंडी खण उघडला, परत लागला. मग म्हणाल्या, "नक्की?"

"नक्की."

"बरं. ठेवते." गाडी विकली न गेल्याचं दुःख असं ऐकू येत नाही. त्या मला काहीतरी सांगायच्या बेतात होत्या. असं मला का वाटलं ते माहीत नाही आणि जे माहीत नाही ते लिहू नये.

२४ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. "अरेरे," म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने गुणगुणायला लागली. तिचा आवाज चांगला आहे. विसरलेच होते.

संध्याकाळी माझ्या मागे येऊन बसली, केस विंचरून दिले. आई गेल्यावर मी लहान होते तेव्हा द्यायची तशी. "किती गुंता करतेस गं," म्हणाली. माझ्या आवडीचं रांधलं. पुढच्या महिन्यात खोलीला रंग काढू या म्हणाली, तुला कुठला आवडेल? मी म्हटलं कुठलाही. "असं नाही, तुझी खोली आहे." माझ्या खोलीत बाबांची जादा खुर्ची आहे, औषधांचं कपाट आहे, डायपरचे गठ्ठे आहेत, आणि दार नाही. म्हणजे आहे, पण खुर्चीमुळे लागत नाही.

ती मायेने विंचरत होती आणि मला वाटत होतं, कुणीतरी झाकण सावकाश फिरवून घट्ट बसवतंय. आवाज न करता. आटे एकमेकांत नीट बसताहेत.

ताई वाईट नाही. हे मी लिहून ठेवते. ताई वाईट असती तर मी केव्हाच गेले असते.

२६ फेब्रुवारी

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. नाही म्हणायला गेले होते. तोंडातून निघालं, "परवा सांगते."

साहेबांनी स्वतःचा चष्मा कपाळावर चढवला. "बाई गं, निर्णय घ्यायला तुला कुठला सेन्सर लागतो, ते सांग. मागवून घेतो."

मी हसले नाही. ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "चष्मा वाईट नाही. पण तो पंपाचं ऐकत नाही, पंपाला सांगतो. म्हणून तुला विचारलं. परवा म्हणजे परवा."

बाहेर आले तर चष्मा भुवया उंचावून बघत होता. मी भुवया उंचावल्या. कुणालाच काही कळलं नाही.

२७ फेब्रुवारी

दिवसभर काही नाही. बाबांना सकाळी उचललं, संध्याकाळी उचललं.

२८ फेब्रुवारी

दुपारी कामावर दातांच्या बाईंचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "मी आजवर कुठल्या पेशंटला दुखणार नाही असं खोटं सांगितलं नाही. तुला मात्र खोटं बोलले. कागद कुठेही गेलेले नाहीत. तुझी ताई आली होती गं. खुर्चीत बसून रडली. म्हणाली, तिला कागद देऊ नका. कागद नसले की ती घेणार नाही, मी ओळखते तिला." मग म्हणाल्या, "फाइल आत्ता घरी पाठवते."

"घरी नको," मी म्हटलं. "तुमच्याकडेच असू द्या. गाडी घेते मी."

साहेबांना हो सांगितलं. दादाला फोन केला – मी गेले की पहिले पंधरा दिवस तू इथे. विचारलं नाही, सांगितलं.

संध्याकाळी बाबांना उचलताना, ताई खांद्याकडून, मी पायांकडून, ताईला म्हटलं, गाडी घेतेय. सोमवारी निघते.

तिचे हात थांबले. बाबा मध्येच, अधांतरी.

"मिळाले कागद?"

"नाही."

"तू? कागदांशिवाय?"

"हो. खाली ठेवू या आता. जड होताहेत."